आयुष्याची दोरी आणि मांजर

घरच्या मांजराला आकडी येते तेव्हा सर्वांत अधिक घाबरतो तो पाहणारा. ते पाय झाडते, तोंडाला फेस येतो. मिनिट-दोन मिनिटांत सारे ओसरते. मग ते भेदरल्यासारखे भिंतीच्या कडेने फिरते आणि पुष्कळदा आधाशासारखे खायला मागते. आमच्या बोक्याला प्रथम असे झाले त्या रात्री घरात दोन प्रश्न निघाले : ‘हा आता किती जगणार?’ आणि ‘असे जगवण्यात काय पुण्य?’ हे प्रश्न एकच नव्हेत, हे उमगायला आम्हांला वेळ लागला.

पहिल्याचे उत्तर वैद्यक देते. अपस्मारामागे मेंदूतील गाठ, संसर्ग वा विषबाधा असेल, तर आयुष्य त्या मूळ व्याधीवर अवलंबून राहते. तसे कारण सापडले नाही आणि औषध लागू पडले, तर मांजर वर्षानुवर्षे, कित्येकदा पूर्ण आयुष्यही, जगते. औषध जुनेच : माणसांसाठी १९१२ साली बाजारात आलेले फिनोबार्बिटोन. ते बारा-बारा तासांनी, न चुकता द्यायचे. एकाएकी थांबवले तर आकड्या बळावतात. आकडी पाच मिनिटांहून लांबली, तर पशुवैद्याकडे तत्काळ धाव घ्यावी लागते. लग्नकार्याला परगावी जायचे, तर घरचे कोणी तरी मागे राहते.

दुसरा प्रश्न आमच्याच पदरात पडतो. मोठ्या आकडीत प्राण्याची शुद्ध हरपलेली असते. जे दृश्य आम्हांला असह्य होते, ते त्याच्या जाणिवेत बहुधा नसतेच. तेव्हा आमच्या भीतीला त्याचे दुःख समजून त्याचा शेवट करणे हा अन्याय. आणि आमच्या मायेला त्याचे सुख समजून ते जिणे लांबवणे, हाही अन्यायच.

मग मोजावे कशाने? अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली एक साधी कसोटी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल यांचा विचार करावा आणि शेवटी पाहावे, की चांगले दिवस वाईट दिवसांहून अधिक आहेत काय. तेव्हापासून आम्ही दिनदर्शिकेवर आकडीच्या दिवशी फुली मारतो. पण ज्या दिवशी तो उन्हाच्या कवडशात अंग चाटत बसतो, त्या दिवशी टिंब देण्यास विसरत नाही. फुल्या तेवढ्या पाहिल्या, तर हिशेब खोटा ठरेल.

हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर काशीस अर्पण करावे लागते, असे आमच्या घरची जुनी माणसे म्हणत. त्या धाकाने कितीएक मांजरे वाचली असतील. पण त्या श्रद्धेत प्रायश्चित्त आहे ते मारण्याचे. वाईट दिवस वाढले असूनही पापाच्या भयाने एखाद्याला तिष्ठत ठेवले, तर त्याचे प्रायश्चित्त आम्हांला कोणी सांगितलेले नाही. ते आमचे आम्हीच ठरवायचे आहे.

सध्या टिंबे अधिक आहेत. म्हणून रात्री नऊला गोळी आहे.