मौनानंतरचा नकार

ख्रिस्ती घरांतल्या प्रार्थनांमध्ये एक मागणं हमखास असतं : प्रभू, मार्ग दाखव. नोकरी बदलावी का, मुलीला परगावी शिकायला पाठवावं का, म्हाताऱ्या आईला कुणी सांभाळायचं. मागण्यात गैर काहीच नाही. पण मार्ग दिसत नाही ही आपली खरी अडचण फार थोड्या वेळा असते. बहुतेकदा तो दिसलेला असतो, पाऊल तेवढं उचलत नाही. उपासनेचा खरा उपयोग इथे आहे, असं मला वाटतं.

जॉन वूलमन १७२० साली न्यू जर्सीत क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका कुटुंबात जन्मला. त्या काळच्या क्वेकरांची उपासना आपल्याला चमत्कारिक वाटेल. वेदी नाही, पगारी पाळक नाही, गाणं नाही. सगळे बाकांवर गप्प बसणार. कुणाला आतून काही उमटलं तर तो उठून चार शब्द बोलणार, पुन्हा शांतता. विशीतला वूलमन माउंट हॉली गावात एका दुकानात कामाला होता. एक दिवस मालकाने सांगितलं, घरातली गुलाम बाई विकली आहे, खरेदीखत लिहून दे. घेणारा समोर थांबलेला, तोही क्वेकर, वयस्कर. वूलमनने कागद लिहून दिला. गुलाम बाळगणं ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असं त्या दोघांना तोंडावर सांगितलंही. पण लिहून दिला. पुढे दुसऱ्या एका तरुण क्वेकरने तसलाच कागद मागितला, तेव्हा त्याने नाही म्हटलं.

या दोन प्रसंगांच्या मध्ये वूलमनला नवं काही कळलेलं नाही. जे कळायचं ते पहिल्या वेळीच कळलं होतं. मात्र मालकाचा हुकूम आहे, माणूस ताटकळलाय, या सबबी दुकानात खपतात. आठवड्यामागून आठवडे देवासमोर गप्प बसायचं म्हटलं की त्या विरत जातात.

मग नकार वाढत गेले, आणि तेही रोजच्या व्यवहारातले. गुलामांची वाटणी असलेली मृत्युपत्रं तो लिहीना, त्यात मिळकत बुडाली. दुकान फार वाढायला लागलं तेव्हा त्याने ते आवरतं घेतलं आणि शिवणकामावर भागवलं. दक्षिणेकडच्या प्रवासात गुलाम राबणाऱ्या घरी मुक्काम पडला तर त्यांच्या सेवेचे पैसे तो देऊन निघे. यजमानांना हे किती अवघड वाटलं असेल!

पण त्याच बाकांवर, त्याच शांततेत गुलामांचे मालकही बसत होते, आणि तेही मनापासून बसत असणार. उपासना आपोआप माणूस बदलत नाही. कधी ती त्याला छान झोपवतेही. आमोस संदेष्ट्याने देवाच्या वतीने सणांचा आणि गाण्यांचा धिक्कार केला तो याचसाठी. क्वेकरांकडे यावर एक उतारा होता : आतून उमटलेलं मंडळीसमोर मांडायचं, मंडळीने ते पारखायचं, आणि स्वतःलाही पारखू द्यायचं. १७५८ च्या फिलाडेल्फियातल्या वार्षिक सभेत वूलमन बोलला. गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरी जाऊन त्यांची समजूत घालायची, असं ठरलं; जाणाऱ्यांत तोही होता. गुलाम बाळगणाऱ्याला मंडळीत जागा नाही, हा निर्णय मात्र १७७६ साली झाला. वूलमन त्याआधीच, १७७२ मध्ये, इंग्लंडमधल्या यॉर्कला देवीच्या रोगाने गेला होता.

आपली मराठी उपासना या मौनाच्या अगदी उलट, गाणारी. रेव्हरंड टिळकांनी अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्ताला मराठी घरांत आणलं. गाण्याचा मोठा गुण असा की ते देवळातच राहत नाही. भाकऱ्या थापताना, गाडीला लोंबकळताना ओठांवर येतं आणि नको त्या क्षणी टोचतं. धोकाही त्यातच आहे. डोळे पाणावले की देवाला उत्तर देऊन झालं, असं वाटायला लागतं.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितलेली एक गोष्ट आपण वाचतो आणि पटकन पुढे सरकतो. अर्पण वेदीपाशी आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे आठवतं ते उपासनेतच, आणि पाळायचं तर तीच अर्धवट सोडून उठावं लागतं. आपल्या रविवारच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रभुभोजनाला वेळ असते, दानार्पणाला असते, सूचनांना तर भरपूर असते. मधेच उठून भावाच्या घरी जाणाऱ्यासाठी कुणी थांबल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.