‘कोअर’ मेला, हे कुणी ठरवलं?

पक्षाघाताच्या रुग्णाचा सीटी परफ्यूजन रिपोर्ट नातेवाइकांच्या हाती पडतो. त्यात मेंदूचे रंगीत नकाशे आणि सीबीएफ, सीबीव्ही, एमटीटी, टीमॅक्स अशी अक्षरं. लाल-जांभळा डाग पाहून वाटतं, यंत्राने मेलेला मेंदू दाखवला. यंत्राने पाहिलेलं असतं एवढंच: शिरेतून सोडलेलं आयोडीनयुक्त औषध मेंदूत कधी पोहोचलं, किती चढलं, कधी ओसरलं. बाकी सगळं गणित.

गणित मात्र देखणं आहे. 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला मिळणारं रक्त म्हणजे सीबीएफ. निरोगी करड्या भागात साधारण 60 मिलिलिटर. त्या घटकेला तिथल्या वाहिन्यांत असलेलं रक्त म्हणजे सीबीव्ही, 4 मिलिलिटरच्या आसपास. 4 ला 60 ने भागा: मिनिटाचा पंधरावा हिस्सा, 4 सेकंद. रक्ताला तिथून पार व्हायला लागणारा हा सरासरी वेळ म्हणजे एमटीटी. नावं तीन, पण दोन कळली की तिसरं आपसूक येतं. गुठळी अडकली की पलीकडच्या वाहिन्या रुंदावतात, सीबीव्ही धरून ठेवतात. सीबीएफ घटतो, एमटीटी लांबतो. मेंदूचा तो भाग अजून झुंजतोय. सीबीव्हीही कोसळला की झुंज संपत आली.

इथवर शरीरशास्त्र. पुढे सॉफ्टवेअर रेघ ओढतं. सीबीएफ निरोगी बाजूच्या 30 टक्क्यांखाली गेला तर तो भाग ‘कोअर’. टीमॅक्स, म्हणजे औषध त्या भागात पोहोचायला झालेला उशीर, 6 सेकंदांपलीकडे तर धोक्यात. दोहोंतला फरक म्हणजे वाचवता येईल असा ‘पेनंब्रा’. 2018 साली डिफ्यूज-3 चाचणीने याच फरकावर रुग्ण निवडले आणि 6 ते 16 तासांनंतरही गुठळी काढण्याचा फायदा दाखवला. हे यश मोठंच.

पण पेशी मरते ती प्रवाह किती घटला आणि किती वेळ घटलेला राहिला, या दोन्हींवर. स्कॅनला ती वेळ दिसत नाही. झटक्यानंतर लवकर स्कॅन झाला, वाहिनी झटपट मोकळी झाली, तर ‘कोअर’ ठरलेला भाग नंतरच्या एमआरआयमध्ये शाबूत सापडतो. रेडिओलॉजिस्ट त्याला ‘घोस्ट कोअर’ म्हणतात. उलट मानेतली धमनी जुनाट अरुंद असली, तर नवा झटका नसतानाही टीमॅक्स लांबतो. म्हणून ‘कोअर’ला मृत्यूचा दाखला समजणं मला पटत नाही, तो अंदाज आहे.

तरी याच अंदाजावर रुग्ण वगळले गेले: डिफ्यूज-3 मध्ये 70 मिलिलिटर किंवा त्याहून मोठा कोअर असलेल्यांना प्रवेश नव्हता. 2023 मध्ये चीनमधल्या एंजल-ॲस्पेक्ट चाचणीने 70 ते 100 मिलिलिटरवालेही घेतले. मेंदूतले रक्तस्राव वाढले, तरी गुठळी काढलेल्यांचं अपंगत्व एकंदरीत कमी राहिलं.