देवाचा मुलूख

देवतेचे सामर्थ्य भूमीत अधिष्ठित असते की उपासकाच्या निष्ठेत, या प्रश्नाला अंबरनाथ-उल्हासनगरच्या टापूत जे प्रत्यक्ष रूप आले आहे, ते ग्रंथांतील खंडनमंडनात क्वचितच आढळते. वालधुनी नदीकाठच्या ज्या शिवालयाच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचा उल्लेख आहे, त्याचे गर्भगृह मंडपाहून अनेक पायऱ्या खाली, भूमीच्या उदरातच उतरलेले आहे; त्या मातीपासून हा देव वेगळा काढण्याची कल्पनाही करवत नाही. याउलट, १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणनजीकच्या रिकाम्या लष्करी बराकींत जे सिंधी निर्वासित उतरले, आणि १९४९ मध्ये ज्यांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले, त्यांचा झूलेलाल हा सिंधू नदीचा देव. आणि ती नदी सरहद्दीपलीकडे राहिली.

भूमी सुटलेल्या उपासकांचे असेच एक उदाहरण दूरच्या मुलखातही सापडते. युक्रेनच्या पश्चिम हद्दीवरील उत्तर बुकोविनाने १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाचा, मग रुमानियाचा आणि पुढे सोव्हिएत अंमल पाहिला; तेथील विझनित्स गावच्या हसिदी ज्यूंनी गाव सुटल्यावर इस्रायलमधील बने ब्राक येथे आपली गादी त्याच गावाच्या नावाने चालविली. नावाच्या आधारे निष्ठा तग धरते, हे यावरून सिद्धच आहे. परंतु नदीच्या देवाला नाव पुरत नाही, पाणी लागते.

या पेचाचे उत्तर आपल्याच देवघरात आहे. स्नानाच्या वा पूजेच्या पाण्यात गंगा-यमुनेबरोबर सिंधूलाही आवाहन करणाऱ्या मराठी गृहस्थाने, जल हे आवाहनाने तीर्थ होते, हा सिद्धांत पिढ्यान्‌पिढ्या मान्य केलेला आहे. आणि झूलेलालच्या चेटीचंड या सणाला कणकेच्या दिव्याची जोत उजळून बहराणा, म्हणजे त्या देवाच्या पूजेचा थाट, जवळच्या पाण्यात विसर्जित करणारा सिंधी भाविकही त्याच सिद्धांताने वागतो. मात्र आवाहन केलेल्या देवतेचे आतिथ्यही करावे लागते, आणि बदलापूरवरून येणाऱ्या उल्हास नदीला मिळणारी वालधुनी तर आज कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी वाहते आहे. ते पाणी शुद्ध करविणे हे मला नगरपालिकेच्या कामाइतकेच उपासनेचे अंग वाटते. महाशिवरात्रीच्या जत्रेला लोटणाऱ्या आणि चेटीचंडची मिरवणूक काढणाऱ्या दोन्ही समाजांनी एकत्र येऊन वालधुनीची ही फिर्याद सरकारदरबारी नेटाने चालवावी.