तारण कशाचें?

देवळाली कॅम्प म्हटलें कीं तोफखान्याची शाळा आणि कोरडी, आरोग्यदायी हवा आठवते. पण या छावणीच्या आसपास लहवित, संसरी, नाणेगांव अशीं खेडींही आहेत. आणि महाराष्ट्रांतील इतर खेड्यांप्रमाणें तेथील बायकाही बचतगटांत बसून पैपैचा हिशेब मांडतात. कोणी पापड लाटते, कोणी शेळी पाळते, कोणी शिवणयंत्र घेते.

या उद्योगांचें कौतुक पुष्कळ होतें. मला त्यांतील नैतिक प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. १० ते २० बायका दरमहा सारखी रक्कम सांचवितात, तींतून एकमेकींस कर्ज देतात, आणि हिशेब चोख राहिला कीं बँक गटास विनातारण कर्ज देते. असे ५०० गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग नाबार्डनें १९९२ सालीं आरंभिला. विनातारण खरें, पण सावकाराच्या पेटींत जेथें पाटल्या पडत, तेथें आतां बाईची अब्रू पडते. हप्ता चुकला तर शेजारणींस तोंड दाखवितां येणार नाहीं, हीच बँकेची खात्री.

यांत धोका आहे. आंध्र प्रदेशांत अशाच सामायिक जबाबदारीवर कर्जें देणाऱ्या खासगी कंपन्यांच्या वसुलीबद्दल तक्रारी झाल्या, आत्महत्यांच्या वार्ता आल्या, आणि २०१० सालीं सरकारास वटहुकूम काढावा लागला.

मग ही रीत टाकाऊ म्हणावी काय? मला तसें वाटत नाहीं. जिच्याजवळ सोनें नाहीं, तिचा शब्दच सोनें मानणें हा तिचा गौरव आहे. मात्र शब्दावरील विश्वास कोणता आणि लाजेचा धाक कोणता, हें हप्ता चुकेल त्या दिवशींच कळतें. त्या बैठकींत पहिला प्रश्न “पैसे कुठें आहेत?” असा निघाला, तर एक सावकार जाऊन वीस आले म्हणावयाचे. “काय झालें ग, घरीं कोणी आजारी आहे का?” असा निघाला, आणि गटाच्या शिलकेंतून तिचा हप्ता भरून तिला मुदत दिली, तर तीच जबाबदारी आधार ठरते.

कोणी म्हणेल, अशानें बुडवेगिरी माजेल. पण खरी अडचण आणि लबाडी यांतील भेद शेजारणीइतका कोणासच कळत नाहीं. तिचें हें ज्ञान केवळ वसुलीच्या कामीं लावावयाचें, कीं अडलेलीस सांवरण्याच्याही, हें बँक ठरवूं शकत नाहीं. तें त्या बैठकींतील बायकांनींच ठरवावयाचें आहे.