सामाईक भिंत आणि शेजारधर्म

आमच्या वसई परिसरात धर्मगुरूंच्या निवासाची पायरी चढून येणाऱ्या तंट्यांचे स्वरूप गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुष्कळ बदलले आहे. पूर्वी तंटे यायचे ते वाडीच्या कुंपणाचे, विहिरीच्या पाण्याच्या पाळीचे, नाहीतर बावखलाच्या काठावर वाढलेल्या नारळाचे. त्या काळी घर आपल्या वाडीत एकटे उभे असे. ओटीला कोणता रंग द्यावा, पडवी किती पुढे काढावी, हे कोणाला विचारण्याचा प्रश्नच नसे. पुढे वाड्या गेल्या, त्या जागी इमारती आल्या आणि एकमेकांना खेटून उभी असलेली रो-हाऊसही आली. आता आमच्यापुढे तंटे येतात ते खिडकीबाहेर काढलेल्या लोखंडी जाळीचे, गच्चीवर टाकलेल्या पत्र्याचे, बंद केलेल्या बाल्कनीचे आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर ठिबकणाऱ्या पाण्याचे. तंटा क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. जे माझे आहे, ते कोठपर्यंत माझे आहे?

या प्रश्नाचा विचार करणे आम्हांला भाग पडले, ते आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती येथे प्रांजळपणे सांगितली पाहिजे.

आमच्या धर्मग्रामात चोवीस रो-हाऊसची एक सोसायटी आहे. तेथील एका वृद्ध गृहस्थांना अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळातून ते चाकांच्या खुर्चीत बसून घरी आले. दाराशी तीन पायऱ्या. पत्नीचे वय सत्तरीपुढचे, मुलगा परदेशी. खुर्ची चढवण्या-उतरवण्यासाठी दर वेळी दोघा-तिघांना हाक मारावी लागे. म्हणून त्यांनी दारापुढे सिमेंटचा रॅम्प बांधण्यासाठी अर्ज केला. घराच्या बाह्य भागात कोणताही बदल करता येणार नाही, असा ठराव असल्याचे कळवून सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो नाकारला. त्या बाई रडत आमच्याकडे आल्या. पुढच्याच रविवारी शब्बाथ माणसासाठी असतो, माणूस शब्बाथासाठी नसतो, या प्रभूच्या शिकवणुकीवर आम्ही प्रवचन दिले. नाव कोणाचेही घेतले नाही. परंतु चर्चमधल्या प्रत्येकाची नजर कोणाकडे वळली, हे वेदीवरून आम्हांला स्पष्ट दिसत होते. सेक्रेटरी आपल्या कुटुंबासह तिसऱ्या बाकावर बसले होते.

मंगळवारी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. हातात एक जाडजूड फाईल होती. ते रागावलेले नव्हते, हेच आम्हांला अधिक लागले. "फादर, तुम्ही बोललात ते ऐकून घेतलं. आता एवढं वाचा," एवढेच ते म्हणाले आणि फाईल टेबलावर ठेवून निघून गेले.

त्या रात्री आम्ही ती फाईल वाचली. दहा वर्षांपूर्वी त्याच कमिटीने एका सभासदाला घरामागे धुण्याची मोरी वाढवण्याची परवानगी तोंडी दिली होती. कारण दयेचेच होते. घरात बाळंतीण होती. मोरीची पुढे खोली झाली. खोलीखाली मागच्या गल्लीचे गटार बुजले आणि त्या पावसाळ्यात ओळीतल्या पाच घरांत गुडघाभर पाणी शिरले. मग दुसऱ्याने दरवाजा रुंद करण्यासाठी भिंत फोडली, तेव्हा शेजारच्या घराच्या स्वयंपाकघरात तडा गेला. तिसऱ्याने गच्चीवर पत्रा टाकला. त्या प्रत्येकाचे म्हणणे एकच होते : "त्याला दिली, मग मला का नाही?" अखेरीस सर्वसाधारण सभेने ठराव केला की, यापुढे बाहेरचा कोणताही बदल कोणालाही करू द्यायचा नाही. तो ठराव निष्ठुरपणातून आलेला नव्हता, दयेच्या दुरुपयोगातून आला होता. सेक्रेटरींना या कामाचा एक पैसा मिळत नाही. पाण्याचा पंप बिघडला की रात्री बारालाही त्यांचाच दरवाजा वाजतो. आणि आम्ही त्यांना भर चर्चमध्ये परुश्यांच्या रांगेत उभे केले होते.

सहकारी गृहनिर्माणाची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत संस्थेची नोंदणी झाली. पाठोपाठ १९१८ साली वांद्र्यात सालसेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी उभी राहिली. एकट्याला जे घर परवडत नाही, ते अनेकांनी मिळून उभारावे आणि मिळूनच राखावे, ही त्यामागची दृष्टी होती. आज आपल्या सोसायट्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याखाली चालतात. आदर्श उपविधींनुसार कमिटीच्या लेखी परवानगीवाचून सभासदाला आपल्या घरात फेरबदल करता येत नाही. शिवाय १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली महापालिकेची मंजुरी लागते, ती वेगळी. बांधकामखर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात जमा व्हावा, असेही उपविधी सांगतात. पुष्कळांना ही निव्वळ कटकट वाटते. परंतु पंधरा वर्षांनंतर छत गळू लागते, तेव्हा ते कोणा एकाचे गळत नाही. सामाईक भिंत ही कायद्यातली कल्पना नव्हे. तिच्या एका बाजूला तुमचा पलंग असतो आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या मुलाचा पाळणा.

"पैसे मी मोजले, घर माझे, मग विचारायचे कोणाला?" हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकतो. ख्रिस्ती विचारपरंपरा त्याला काय उत्तर देते? जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधशील, तेव्हा धाब्याला कठडा कर. नाहीतर तेथून कोणी पडून मेला, तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. घर तुझे, धाबे तुझे, परंतु त्यावरून पडणारा माणूस कोणीही असू शकतो. म्हणून घरमालकीबरोबरच कठड्याची जबाबदारी येते. संत थॉमस अक्वायनस याच दिशेने विचार करतात. वस्तू मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे या बाबतीत माणसाने ती स्वतःची मानणे योग्य आहे. उपयोगाच्या बाबतीत मात्र ती सर्वांची आहे असे समजून गरजवंतासाठी हात मोकळा ठेवावा, असे ते शिकवतात. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आपल्या परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मांडला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पृथ्वीवरील संपत्ती मुळात सर्व मानवांसाठी आहे, याचे पुन्हा स्मरण करून दिले. या दोन शिकवणुकींत विरोध नाही. मालकी हा कारभार आहे, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

परंतु हे तत्त्व दुधारी आहे, हे विसरून चालणार नाही. मालकाला हिशेब द्यावा लागतो, तसा नियम करणाऱ्यालाही द्यावा लागतो. येथे आम्हांला अमेरिकेतील शिकागो शहरातील एका इमारतीची हकिकत आठवते. २००१ साली तेथील रहिवासी मंडळाने नियम केला की, दाराबाहेर पायपुसणी, बूट, चपला अथवा कोणत्याही प्रकारची वस्तू ठेवायची नाही. हेतू साधा होता. व्हरांडा मोकळा आणि नीटनेटका राहावा. पुढे २००४ च्या सुमारास याच नियमाखाली एका यहुदी कुटुंबाच्या दाराच्या चौकटीवरील मजूझा, म्हणजे शास्त्रवचनांची गुंडाळी असलेली छोटी डबी, वारंवार काढून टाकण्यात आली. त्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या अंत्यविधीला कुटुंब गेले असतानाही ती काढण्यात आली. विशेष म्हणजे तो नियम ज्या समितीने केला, तिच्या अध्यक्षा त्या घरच्याच बाई होत्या. नियम करताना त्यांच्या डोळ्यांपुढे चपला होत्या. आपल्याच दारावरील देवाचे वचन त्या शब्दांत सापडेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००९ साली वरिष्ठ न्यायालयाने त्या कुटुंबाची तक्रार सुनावणीस योग्य ठरवली. आपल्या दारावर क्रूस लावणाऱ्या आम्हां ख्रिस्ती माणसांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आणि आपल्या सोसायटीतील दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याच्या दारावर तोरण असते, तेव्हा तर ती अधिकच लक्षात ठेवावी.

नियम करणारा माणूस पुढचे सर्व प्रसंग पाहू शकत नाही. हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी ओळखले होते. आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात त्याने गवंड्यांच्या कामातला दृष्टान्त दिला आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरीत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. लोखंडी पट्टी सरळ दगडाला ठीक, पण खडबडीत दगड तिने मोजता येत नाही. कायद्याच्या सर्वसाधारण शब्दांत प्रसंगविशेष बसत नसेल, तर कायदा करणारा येथे हजर असता तर त्याने काय ठरवले असते, हे पाहून निर्णय करावा, असे तो म्हणतो. याच गुणाला अक्वायनस न्यायाचाच एक भाग मानतात. तो कायद्याच्या शब्दापेक्षा त्याच्या हेतूला धरून चालतो.

मात्र शिशाची पट्टी दगडाकडे पाहून वाकते, दगड कोणाच्या मालकीचा आहे हे पाहून वाकत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमके तेथेच चुकते. ओळख, नाते, देणगी, दांडगाई यांच्यापुढे नियम वाकतो आणि ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्यापुढे तो ताठ उभा राहतो. मग खरी सवलत कोणती आणि वशिला कोणता, हे ओळखावे कसे? आम्हांला एक कसोटी सुचते. सवलतीचे कारण भर सभेत मोठ्याने सांगता आले पाहिजे आणि तशीच गरज ज्याला पडेल, त्याला तीच सवलत देण्याची तयारी असली पाहिजे. जे कानात सांगावे लागते आणि एकापुरतेच असते, ते दयेच्या वेषातले पक्षपात होय. बाळंतिणीच्या घरच्या मोरीला दिलेली तोंडी परवानगी या कसोटीला उतरली नसती. रॅम्प उतरतो.

त्या आठवड्यात आम्ही सेक्रेटरींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. चूक भर चर्चमध्ये झाली होती, म्हणून पुढच्या रविवारी प्रवचनापूर्वी तेथेही तिची कबुली दिली. महिन्याभरात सोसायटीची विशेष सभा झाली. आम्ही तिला गेलो नाही. तेथे बोलण्याचा अधिकार सभासदांचा होता, आणि आमचे बोलून झाले होते. सभेने ठराव केला की, ज्या घरात चालू न शकणारी व्यक्ती असेल, त्या घरापुढे काढता-घालता येणारा लोखंडी रॅम्प ठेवू द्यावा. गटार बुजता कामा नये. इंजिनिअरने जागा पाहून लिहून द्यावे. आणि गरज संपताच रॅम्प काढावा. सिमेंटचा रॅम्प हवा होता, लोखंडी मिळाला. त्या बाईंनी तो समाधानाने स्वीकारला. गच्चीवर पत्रा टाकणाऱ्या सभासदाला मात्र तो उतरवण्यास सांगण्यात आले. ते आजही सेक्रेटरींशी बोलत नाहीत. सर्वांचे समाधान झाले, असे लिहिणे खोटे ठरेल.

ते वृद्ध गृहस्थ पुढे वर्षभरच जगले. अंत्यविधीनंतर आठच दिवसांनी त्यांच्या पत्नीने स्वतः सेक्रेटरींना बोलावले आणि रॅम्प सोसायटीच्या ताब्यात दिला. आता तो पंपाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. ज्याला लागेल, त्याने अर्ज करून न्यावा.

या प्रकरणानंतर संत मार्कच्या शुभवर्तमानातील पक्षाघाती माणसाची कथा आम्ही निराळ्या नजरेने वाचू लागलो आहोत. दारात गर्दी होती म्हणून चौघांनी घराचे छप्पर उघडले आणि मित्राला प्रभूपुढे खाली सोडले. परवानगी कोणाची घेतली नाही. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला आणि त्या माणसाच्या पापांची क्षमा केली. ज्याचे घर होते, त्याच्या छपराचे पुढे काय झाले, हे शुभवर्तमानकार सांगत नाही. आमची श्रद्धाळू समजूत अशी की, दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाचही जण माती आणि फांद्या घेऊन तेथे आले असतील आणि पाचव्याने आपल्या पायांनी माती तुडवून दिली असेल.

गरजवंतासाठी छप्पर उघडण्याचे धैर्य आणि उघडलेले छप्पर नीट करून देण्याची जबाबदारी, ही दोन्ही ज्या वस्तीत असतील, तेथे नियमांची फाईल जाड होणार नाही. आपल्या सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा केव्हा आहे, हे वाचकांनी जरूर पाहावे आणि या खेपेला तिला हजर राहावे. नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर लागलेली असते. तिच्याखाली सही करणारा माणूसही आपला शेजारीच असतो.