हौशी शर्यतीतला तिसरा क्रमांक

‘हौशी खेळात असं काय पणाला लागलेलं असतं?’ असं म्हणून पारलिंगी स्त्री खेळाडूंचा प्रश्न झटकून टाकता येतो. मीही बरेच दिवस तेच करत होते. आता ती मला पळवाट वाटते.

आधी शरीराबद्दल. अमेरिकी हवाई दलातल्या पारलिंगी स्त्रियांच्या तंदुरुस्ती-चाचण्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. संप्रेरक उपचारांआधी त्या एका मिनिटात इतर स्त्रियांपेक्षा ३१ टक्के जास्त पुश-अप्स काढत. दोन वर्षांनी हा फरक मावळला, पण दीड मैलाच्या धावेत त्या तेव्हाही १२ टक्के वेगवान होत्या. अभ्यासात पारलिंगी स्त्रिया अवघ्या ४६, आणि आकडे सरासरीचे. दोन स्त्रियांमधला फरक याहून मोठा असू शकतो, हेही खरं. पण स्त्रियांचा वेगळा गट सगळे फरक पुसण्यासाठी नसतोच. पुरुषी पौगंडावस्थेतून येणारा एक फरक बाजूला ठेवण्यासाठी तो असतो.

ब्रिटनमधलं ‘पार्करन’ घ्या. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात १३ धावपटूंनिशी सुरू झालेली ही दर शनिवारची पाच किलोमीटरची मोफत धाव. नोंदणी करताना आपलं लिंग आपणच सांगायचं. स्त्रियांच्या विक्रमांवरून वाद पेटलेला असताना, फेब्रुवारी २०२४मध्ये आयोजकांनी वेगाच्या विक्रमांच्या याद्याच संकेतस्थळावरून काढून टाकल्या. नवख्यांना दडपण येऊ नये, हे त्यांनी दिलेलं कारण.

हौशी धावपटूला पैसा मिळत नाही, प्रसिद्धीही नाही. घरचं सगळं आवरून सराव करणाऱ्या बाईच्या पदरात पडतो तो फक्त एक क्रमांक. म्हणून तो क्षुल्लक नाही. पण याच न्यायाने, पारलिंगी स्त्रीलाही शनिवारची ती सोबत क्षुल्लक नसते. शंभरावी येणारी कुणाचं काय हिरावते?

मला वाटतं, धावायला येणाऱ्या कुणालाही काही विचारू नये. जिथे बक्षीस किंवा विक्रम आहे, तिथे मात्र हा शारीरिक फरक धरावा. आणि तोही ज्याच्या-त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून. तपासणी सुरू झाली, तर संशय प्रत्येक उंच, रुंद खांद्यांच्या बाईवर जाईल.

या उत्तराची किंमत मला ठाऊक आहे. कुणाला तरी ‘आमच्यात धाव, पण आमच्यात मोजणार नाही’ असंच ऐकू येईल. ते दुःख खरं आहे. तिसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर गेलेल्या बाईचंही.