पाडणाऱ्याची जबाबदारी

प्लेटोच्या 'गॉर्जियस' ह्या संवादात वक्तृत्वाचा एक नामांकित शिक्षक आपल्या विद्येची तरफदारी करताना तालमीचा दाखला देतो. त्याचे म्हणणे असे की, एखाद्याने तालमीत जाऊन अंग कमावले, मुष्टियुद्ध शिकून घेतले आणि घरी येऊन बापालाच ठोसे लगावले, तर दोष त्या मनुष्याचा. त्यासाठी वस्तादाला गावाबाहेर घालवण्याचे कारण नाही. विद्या स्वभावतः निर्दोष असते, तिचा उपयोग करणारा बरावाईट असतो. हे उत्तर वरवर पाहता इतके सरळ दिसते की आपल्यापैकी बहुतेक जण ते न कुरकुरता मान्य करतील. परंतु सॉक्रेटिस हा काही सरळ उत्तरावर तृप्त होणारा गृहस्थ नव्हे. थोड्याच वेळात तो गॉर्जियसकडून कबूल करून घेतो की, शिष्याला न्याय-अन्याय ठाऊक नसेल तर तेही आपणच शिकवू. आणि मग विचारतो की, ज्याला तुम्ही न्याय शिकवलात तो अन्याय करील कसा? गॉर्जियस येथे अडकतो, आणि आमच्या मते त्याच्यानंतरचा प्रत्येक शिक्षक थोडाबहुत येथेच अडकलेला आहे.

हा जुना प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा राहिला तो अगदी घरगुती निमित्ताने. आमची भाची ज्युदो शिकते. एके रात्री जेवताना आम्ही सहज तिच्या ह्या खेळाला 'जपानी कुस्ती' म्हणालो, तेव्हा तिने हातातला घास खाली ठेवला. "मामा, कुस्ती नव्हे. ज्युदोतला 'दो' म्हणजे मार्ग. कुस्ती चिनी लोकांचीही आहे, श्वाय-ज्याव म्हणतात तिला. पण ते नुसते पाडणे. आमच्यात आधी माणूस घडवतात." घासाची अवहेलना आम्ही सहन केली, परंतु ते शेवटचे वाक्य मनात रुतून बसले. एका विद्येने आपल्या नावापुढे 'मार्ग' हा शब्द लावला व दुसरीने लावला नाही, एवढ्यावरून पहिली नैतिक आणि दुसरी नुसती कसबाची, असे ठरवता येईल काय?

भाचीच्या बाजूने पुष्कळ बोलण्यासारखे आहे. कानो जिगोरो (१८६०–१९३८) हा पेशाने शिक्षक. त्याने तेन्जिन शिन्यो आणि कितो ह्या दोन परंपरांचे ज्युजुत्सु शिकून घेतले, आणि १८८२ साली, वयाच्या बाविशीच्या आतबाहेर, तोक्योतील एशो-जी नामक मंदिरात अवघ्या बारा चटयांच्या जागेवर 'कोदोकान' ही आपली शाळा उघडली. त्या काळच्या जपानात सामुरायांची सद्दी संपली होती आणि त्यांच्या जुन्या मारामारीच्या विद्येला सुशिक्षित वर्गात फारशी प्रतिष्ठा उरली नव्हती. कानोने त्या विद्येतील जीवघेणे प्रकार मोकळ्या सरावातून काढून 'काता' ह्या ठरीव पाठांत बंदिस्त केले. जे डाव रोज पूर्ण जोराने करूनही सोबती दुसऱ्या दिवशी धडधाकट परत येईल, तेवढे सरावाला ठेवले. १८८९ सालच्या एका व्याख्यानात त्याने ज्युदोचे तीन हेतू सांगितले: शरीरसंवर्धन, सामना आणि चारित्र्य. पुढे १९२२च्या सुमारास त्याने साऱ्याचा अर्क दोन सूत्रांत आणला. शक्तीचा उत्तमोत्तम विनियोग हे पहिले, आणि स्वतःचे व दुसऱ्याचे परस्पर कल्याण हे दुसरे. गॉर्जियसला जे संकटात सापडल्यावर कबूल करावे लागले, ते कानोने पहिल्या दिवसापासून आपण होऊन अंगावर घेतले.

'ज्यु' ह्या शब्दाचा त्याने केलेला उलगडाही मोठा सुबोध आहे. समोरच्याचे बळ दहा आणि आपले सात समजा. त्याने ढकलले असता आपण विरोध केला तर पराभव निश्चित. परंतु तो ढकलील तितकेच आपण मागे सरलो, आणि तोल मात्र राखला, तर त्याचा तोल जातो. त्या क्षणी त्याचे दहाचे बळ तीनवर येते आणि आपले सात सातच राहतात. पुरात लव्हाळी वाचतात हा दाखला मराठी वाचकाला नवा नाही. येथे गंमत एवढीच की, मृदूने कठीणाला आवरावे हे वचन मूळचे जुन्या चिनी युद्धशास्त्राच्या ग्रंथातले. म्हणजे ज्युदोच्या नावातले तत्त्व चीनमधून आलेले आहे. ह्यावरून कित्येक चिनी अभिमानी ज्युदो ही आमचीच विद्या असा दावा करतात, आणि सतराव्या शतकात जपानात गेलेल्या चेन युआन-युन नामक विद्वानाचे नाव पुढे करतात. स्वतः कानोने मात्र ज्युजुत्सु हे जपानातच वाढले असे प्रतिपादन केले होते. ह्या वादात आम्हांस रस नाही. दोन माणसे एकमेकांच्या कपड्याला धरून झोंबू लागली की पाय अडकवण्याची युक्ती कोणत्याही देशात कोणालाही सुचण्यासारखी आहे. आमच्याकडचा धोबीपछाड आणि ज्युदोतली खांद्यावरून फेक ही सख्खी भावंडे दिसतात, म्हणून काही कानो कोल्हापुरास येऊन गेला असे कोणी म्हणत नाही.

आता श्वाय-ज्यावकडे वळू. ही कुस्ती एका माणसाने निर्माण केलेली नाही, तिचा वर्धापनदिन नाही, आणि तिच्या भिंतीवर टांगायला सूत्र नाही. तिच्या जुन्या नावातच शिंगांनी टकरा देण्याची कल्पना आहे. कधी ती सैनिकांची कवायत होती, कधी दरबारची करमणूक, कधी जत्रेतला तमाशा. ११व्या शतकात चीनच्या राजधानीत स्त्रियांच्या कुस्त्या होत, आणि १०६२ साली सीमा क्वांग ह्या इतिहासकाराने त्या बंद कराव्यात म्हणून बादशहाकडे अर्ज केला, अशी नोंद आहे. (स्त्रियांनी काय करू नये ह्याविषयी विद्वानांना असलेला कळवळा प्राचीन आहे.) मांचू राजवटीत तिला राजाश्रय मिळाला. १६६९ साली पंधरा वर्षांच्या खांगशी बादशहाने डोईजड झालेल्या ओबोई नामक कारभाऱ्याला पकडवले, ते आपल्याबरोबर कुस्तीचा खेळ खेळणाऱ्या पोरांकरवी, अशी कथा सांगतात. पुढे राजधानीत मल्लांचे स्वतंत्र पथकच होते. १९११च्या क्रांतीने राजवट बुडाली तसे पथकही मोडले, आणि ज्यांनी बादशहापुढे कुस्त्या केल्या त्यांतील कित्येक परंपरेचे लोक बीजिंगच्या त्येनच्याव भागात, डोंबारी आणि नकलाकार ह्यांच्या शेजारी, रस्त्यावर कुस्ती दाखवून पैसे गोळा करू लागले. १९२८ साली नानकिंगला सरकारी आश्रयाने राष्ट्रीय युद्धविद्येची संस्था निघाली, तिने ह्या कुस्तीला नियमांत बसवण्याचा प्रयत्न केला. १९३३च्या नानकिंग येथील स्पर्धेत जिंकलेला चांग तुंग-शेंग हा पावतिंग परंपरेचा मल्ल पुढे तैवानात गेला आणि तेथे पोलिसांना हीच विद्या शिकवत राहिला. ह्या साऱ्या इतिहासात 'माणूस घडवण्याचा' जाहीरनामा कोठे सापडत नाही हे खरे.

परंतु जाहीरनाम्याचे मोल किती? १९३१ साली जपानच्या माध्यमिक शाळांतून मुलांना ज्युदो अथवा तलवारबाजीची विद्या सक्तीची झाली, आणि तिचा उद्देश परस्पर कल्याण हा खासच नव्हता. ज्या देशाच्या मुलांना हे सूत्र पढवले गेले, त्याच देशाच्या सैन्याने १९३७ साली नानकिंग घेतले व तेथे जे केले ते जगाला ठाऊक आहे. ती कुस्तीची संस्था शहर सोडून अंतर्भागात पळाली. आणि ह्याच कानोने विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी विद्यार्थ्यांसाठी तोक्योत शाळा चालवली होती! लू शुन हा आधुनिक चीनचा थोर लेखक १९०२ ते १९०४ त्याच शाळेत शिकला. कानो १९३८ साली, ऑलिंपिक समितीच्या कैरो येथील बैठकीहून परतताना, बोटीवर वारला. त्याच्या सूत्राचे पुढे काय झाले ह्याचा जाब त्याला विचारणे अन्यायाचे होईल; पण मग आपण गॉर्जियसच्याच उत्तराकडे परत आलो की नाही? युद्धानंतर परकीय अंमलाखाली जपानी शाळांतून ज्युदो बंद झाले, ते १९५०मध्ये पुन्हा आले. शिक्षा सूत्राला झाली.

तेव्हा नीतीचा शोध भिंतीवरच्या अक्षरांत न घेता नियमांत घ्यावा असे आम्हांस वाटते. कुस्ती कोठे संपते, म्हणजेच पराभव कशाला म्हणावे, हे प्रत्येक परंपरेने आपल्यापुरते ठरवलेले असते, आणि त्यात तिचा स्वभाव उघड होतो. आमच्या लाल मातीत पडणे म्हणजे हरणे नव्हे. पाठ लागून चीतपट होईपर्यंत मल्लाला आशा आहे. ज्युदोत पाठीवर स्वच्छ फेक बसली की सामना संपतो. न बसली तर झुंज जमिनीवर चालू राहते, दाबून धरता येते, गळा आवळता येतो, आणि असह्य झाल्यास हाताने थापटून शरण जाता येते. श्वाय-ज्यावमध्ये पायांखेरीज शरीराचा कोणताही भाग भुईला टेकला की तो डाव तेथेच संपला. पडलेल्याच्या अंगावर जायचे नाही. जुनी रीत तीन डावांतून दोन जिंकण्याची. म्हणजे पडलेला उठतो, धूळ झटकतो, पुन्हा उभा राहतो. अंगात जाड, शिवलेल्या सुती कापडाचे आखूड बाह्यांचे जाकीट, त्यावर पट्टा, पकड त्यालाच. पाडून आपण उभे राहणे ही श्रेष्ठ फेक. दोघे मिळून कोसळलात तर तिचे मोल उतरते.

उलट ज्युदोत स्वतः आधी पडून दुसऱ्याला वरून फेकण्याचा डावांचा एक वर्गच आहे, आणि त्यात कमीपणा मानीत नाहीत. आम्हांस हा भेद फार अर्थपूर्ण वाटतो. एका ठिकाणी पडणे ही लाज आहे, म्हणून पडलेल्याला तत्काळ सोडून देण्याची सभ्यता आहे. दुसऱ्या ठिकाणी पडणे ही लाज नाही, म्हणून ते शिकवता येते. भाचीच्या वर्गात आम्ही एकदा जाऊन बसलो, तेव्हा लहान मुले तासभर नुसती पडत होती. हनुवटी छातीला, हाताची चपराक चटईला, आणि धप्! कोणी कोणाला पाडीत नव्हते. जगण्याच्या इतर कोणत्या विद्येत पडण्याचे शिक्षण आधी देतात? आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात शिकवले, नापास कसे व्हावे हे एकाही विद्यार्थ्याला शिकवले नाही.

तेथेच आम्हांस दुसरी एक गोष्ट दिसली. मोठी मुले फेक करीत तेव्हा फेकणाऱ्याचा एक हात पडणाऱ्याची बाही शेवटपर्यंत धरून, किंचित वर ओढून राही. भाचीने सांगितले की, त्यामुळे पडणाऱ्याचे डोके आपटत नाही, आणि पूर्ण गुण मिळायला वेग, जोर व पाठ ह्यांबरोबर फेकणाऱ्याचा ताबाही अखेरपर्यंत लागतो. हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण आम्ही बी. ए.च्या वर्गात असताना कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आमच्याच खोलीत राहणाऱ्या मित्राशी कुस्ती खेळलो होतो. डाव बसला. तो हवेत असतानाच आम्ही टाळ्यांच्या दिशेने पाहिले आणि त्याचा हात सोडून दिला. तो कोपरावर पडला. नियमाचा भंग झाला नव्हता, पंचांनी आमचा हात वर केला, आणि त्याचा उजवा हात आजही पुरता सरळ होत नाही. आम्हांला दोष कोणी दिला नाही, त्यानेही नाही. पुष्कळ वर्षांनंतर एका लग्नात भेटला तेव्हा डाव्या हाताने वाढून घेत हसत म्हणाला, "पाडलेस ते झकास पाडलेस रे, पण सोडलेस लवकर." आमच्या तालमीच्या वस्तादांनी आम्हांस पाडायला शिकवले होते. सोडायचे कधी हे त्यांनी सांगितले नव्हते, की सांगितले आणि आम्ही ऐकले नव्हते, हे आता आठवत नाही. आणि गॉर्जियसची सारी फिर्याद ह्या एका विस्मरणावर टांगलेली आहे.

भाचीला आम्ही अर्धे मान्य केले. कानोने केलेले मोठे काम त्याच्या सूत्रात नसून, बाही धरून ठेवण्याची सवय त्याने डावाचाच भाग केली ह्यात आहे. सूत्र विसरले तरी हाताला ती आठवते. १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये अँटन गेसिंक ह्या डच मल्लाने कामिनागा ह्या जपानी मल्लाला त्याच्याच देशवासीयांसमोर दाबून धरून जिंकले, आणि हर्षाने आखाड्यात धावत येणाऱ्या आपल्या देशबांधवांना हात उंचावून तेथेच थांबवले. तो क्षणही सवयीचाच असावा.

परंतु उरलेले अर्धे आम्ही श्वाय-ज्यावच्या पदरात टाकतो. त्येनच्यावच्या त्या मल्लांपाशी चटया नव्हत्या. मातीची भुई होती, भोवती जमलेली गर्दी होती, आणि पाडायचा होता तो सोबती उद्या सकाळी पुन्हा त्याच जागी कुस्ती दाखवायला धडधाकट हवा होता, नाहीतर दोघांच्याही घरी चूल पेटायची नाही. परस्पर कल्याण हे शब्द त्यांना कोणी शिकवले नव्हते. जाकिटाची पकड मात्र त्यांच्याही मुठीत होती, आणि ती कधी सोडायची हे त्यांना रोज ठरवावे लागत असे. भाची म्हणाली, "म्हणजे ते पोटासाठी, मामा, नीतीसाठी नव्हे." आम्ही म्हणालो, असेल, पण त्यांच्यापैकी कोणी टाळ्यांकडे पाहून हात सोडला असता तर त्याला ते परवडले नसते, आम्हांला परवडले. ह्यावर तिने काही उत्तर दिले नाही, आणि आमच्या ताटात भात वाढला.